डॉट मॅट्रिक्सचं बिल मनासारखं छापायचं तर: फॉन्ट, ओळी आणि पान बाइटांनी कसं ठरवायचं

इंदूरच्या सियागंजात, दवा बाजारात, कपडा मार्केटच्या गल्ल्यांत डॉट मॅट्रिक्सची करकर अजून थांबलेली नाही. जीएसटीच्या नियमाप्रमाणे मालाच्या बिलाच्या तीन प्रती लागतात: एक गिऱ्हाइकाची, एक ट्रान्सपोर्टवाल्याची, एक आपली. सुया कागदावर आपटणारा प्रिंटर कार्बनलेस कागदावर या तिन्ही प्रती एकाच फटक्यात काढतो. लेझरला ते जमत नाही. अडचण निघते ती सॉफ्टवेअरकडून. विंडोजच्या नेहमीच्या ड्रायव्हरमधून बिल पाठवलं की ते बहुधा चित्र म्हणून जातं. एकेका ओळीवरून हेड पुन्हा पुन्हा फिरतं, अक्षरं फिकी येतात आणि काउंटरवर गिऱ्हाईक खोळंबतं. प्रिंटरच्या आत स्वतःची अक्षरं असतातच. ती वापरायला सांगायचं तर त्याच्याशी त्याच्याच भाषेत बोलावं लागतं.

ही भाषा एप्सनची. तिची सुरुवात १९८० च्या एमएक्स-८० या मॉडेलपाशी जाते आणि आज बाजारातले बहुतेक डॉट मॅट्रिक्स, टीव्हीएसच्या एमएसपी मालिकेसकट, ती समजतात. रीत सोपी आहे. एस्केप नावाचा एक बाइट, म्हणजे २७ हा आकडा, आधी पाठवायचा. तो आला की पुढचं अक्षर छापायचं नाही, तो हुकूम आहे, हे प्रिंटरला कळतं. पुढे सगळे हुकूम दशमान आकड्यांत दिले आहेत. प्रोग्राममध्येही ते आकड्यांतच लिहा. असं का, ते थोडं पुढे येईलच.

आधी कागद, मग कोड

प्रोग्राम उघडण्याआधी फूटपट्टी घ्या. दुकानात कोणती स्टेशनरी आहे ते पाहा. मोठ्या बिलाला दहा बाय बारा, छोट्याला दहा बाय सहा, खतावणीला पंधरा बाय बारा, असा सर्वसाधारण रिवाज आहे. यातला पहिला आकडा कडेच्या भोकांच्या पट्ट्यांसकट रुंदीचा, दुसरा एका फाडायच्या रेघेपासून पुढच्या रेघेपर्यंतचा, दोन्ही इंचांत.

ऐंशी कॉलमच्या प्रिंटरला छापायला ८ इंच मिळतात. त्यात इंचाला १० अक्षरं या मापाने ८० अक्षरं बसतात, १२ च्या मापाने ९६ आणि दाबलेल्या, म्हणजे कंडेन्स्ड, अक्षरांत १३७. दवा बाजारातल्या होलसेल बिलाला तेरा रकाने लागतात आणि ते ८० मध्ये कधीच मावत नाहीत. १३७ मध्ये मात्र असे बसतात: अनुक्रम ३, औषधाचं नाव ३२, पॅकिंग ८, एचएसएन ८, बॅच १२, एक्सपायरी ५, नग ६, फ्री ४, एमआरपी १०, रेट १०, सूट ६, जीएसटी ५, रक्कम १२. बेरीज १२१. रकान्यांमधल्या १२ मोकळ्या जागा धरल्या की १३३. चार कॉलम हाताशी उरतात, ते उजव्या कडेला राहू द्या. ट्रॅक्टरवर, म्हणजे कडेच्या भोकांत दात घालून कागद ओढणाऱ्या चाकांवर, कागद थोडा इकडेतिकडे लागला तरी रक्कम भोकांवर जाणार नाही.

उभा हिशोबही असाच करा. सहा इंची बिलात नेहमीच्या अंतराने ३६ ओळी होतात, दाट अंतराने ४८. या ४८ ची वाटणी बहुतेक दुकानांना चालते ती अशी: वर २ कोऱ्या, दुकान आणि गिऱ्हाइकाची माहिती १०, रकान्यांचं डोकं ३, माल २०, कर आणि बेरीज ९, खाली ४ कोऱ्या. एकविसावा आयटम आला की दुसरं पान, आणि पहिल्या पानाच्या तळाशी 'पुढे चालू'. हा नियम प्रोग्राममध्ये पहिल्याच दिवशी घाला. मागाहून घालायला गेलं की बेरजेच्या ओळी फाडायच्या रेघेवर येतात.

बाइट जसेच्या तसे पोहोचले पाहिजेत

या कामातल्या निम्म्याहून जास्त तक्रारींचं मूळ इथे असतं, म्हणून इथे घाई करू नका.

विंडोजमध्ये 'जेनेरिक / टेक्स्ट ओन्ली' हा ड्रायव्हर घालून प्रिंटर बसवा आणि त्याला शेअरचं एक छोटं, मोकळी जागा नसलेलं नाव द्या. मग वाटा दोन आहेत. प्रोग्राममधून ओपनप्रिंटर, स्टार्टडॉकप्रिंटर, स्टार्टपेजप्रिंटर, राइटप्रिंटर ही फंक्शनं या क्रमाने बोलवायची आणि कामाचा डेटाटाइप 'रॉ', म्हणजे बाइट जसेच्या तसे, असा स्पष्ट लिहायचा. किंवा बिल एका फाइलमध्ये बाइटांत लिहून ती शेअरच्या नावावर कॉपी करायची. कॉपीच्या आज्ञेत स्लॅश बी विसरू नका. तो नसेल तर फाइलमध्ये २६ हा बाइट आला की विंडोज तिथेच फाइल संपली असं धरू शकतं आणि बिल अर्धवट निघतं.

फॉक्सप्रो या जुन्या भाषेतले प्रोग्राम थेट एलपीटी१ वर, म्हणजे संगणकाच्या पॅरलल पोर्टवर, लिहितात. आता पॅरलल पोर्ट राहिला नाही, जेल रोडवरून आणलेली यूएसबी केबल असते, आणि ती एलपीटी१ नसते. तिथे 'नेट यूज' या आज्ञेने एलपीटी१ हे नाव शेअर केलेल्या प्रिंटरला जोडून द्या. प्रोग्रामची एक ओळही बदलावी लागत नाही. लिनक्सवर 'एलपी' आज्ञेला 'रॉ' हा पर्याय दिला की झालं. सॉफ्टवेअर ब्राउझरमध्ये चालत असेल तर ब्राउझरच्या नेहमीच्या प्रिंटमधून कच्चे बाइट जात नाहीत. दुकानाच्या संगणकावर एक छोटा मदतनीस प्रोग्राम ठेवावा लागतो, जो बाइट घेऊन वरच्याच वाटेने पुढे पाठवतो.

वाट मोकळी आहे का ते एका छोट्या चाचणीने कळतं. फाइलमध्ये एवढंच लिहा: २७ ६४, मग एखादा इंग्रजी शब्द, १३ १० (हे ओळ संपवणारे बाइट), २७ ६९, तोच शब्द, २७ ७०, १३ १०, १२. पहिला शब्द साधा आणि दुसरा ठळक आला, कागद पुढच्या पानावर गेला, म्हणजे वाट बरोबर. दुसऱ्या शब्दाआधी मोठा ई छापून आला तर २७ मध्येच कोणीतरी गिळला, म्हणजे काम रॉ नाही. काहीच छापलं नाही तर ओळ संपवणारे बाइट पोहोचले नाहीत. ओळ पुरी होईपर्यंत हा प्रिंटर अक्षरं पोटात धरून ठेवतो.

रोज लागणारे हुकूम

- सगळं मूळपदावर: २७ ६४
- ठळक चालू, बंद: २७ ६९ आणि २७ ७०
- दोनदा ठोका चालू, बंद: २७ ७१ आणि २७ ७२
- दुप्पट रुंद चालू, बंद: २७ ८७ १ आणि २७ ८७ ०
- अधोरेखा चालू, बंद: २७ ४५ १ आणि २७ ४५ ०
- इंचाला १०, १२, १५ अक्षरं: २७ ८०, २७ ७७, २७ १०३
- कंडेन्स्ड चालू, बंद: १५ आणि १८ (यांना २७ लागत नाही)
- ड्राफ्ट, चांगलं अक्षर: २७ १२० ० आणि २७ १२० १
- ओळींचं अंतर इंचाचा सहावा भाग, आठवा भाग: २७ ५० आणि २७ ४८
- पानाची लांबी इंचांत: २७ ६७ ० आणि पुढे इंच
- पान सोडा: १२

दुप्पट रुंदीसाठी १४ हा एकाकी बाइटही आहे. तो फक्त त्या ओळीपुरता चालतो, ओळ संपली की आपोआप सुटतो. दुकानाच्या नावासाठी तो बरा, कारण बंद करायला विसरलात तरी पुढचं बिल बिघडत नाही.

२७ ३३ हा एकच हुकूम बेरजेने बऱ्याच गोष्टी ठरवतो: १२ चं माप १, कंडेन्स्ड ४, ठळक ८, दोनदा ठोका १६, दुप्पट रुंद ३२, तिरपं ६४, अधोरेखा १२८. ठळक आणि रुंद हवं तर २७ ३३ ४०. लक्षात ठेवा, हा हुकूम आधीच्या स्थितीत भर घालत नाही, ती पुसून नवी लिहितो. कंडेन्स्ड बिलाच्या मधोमध बेरीज ठळक करायला २७ ३३ ८ पाठवलंत, तर कंडेन्स्ड सुटतं आणि ती ओळ कडेबाहेर जाते. बिलाच्या मध्ये २७ ६९ आणि २७ ७० च वापरावेत, हे आमचं ठाम मत आहे.

क्रम चुकला की मांडणी चुकते

बिलाच्या सुरुवातीला हुकूम या क्रमाने द्या: मूळपद, पानाची लांबी, ओळींचं अंतर, अक्षराचं माप, मग डावा समास (२७ १०८ आणि कॉलम). समास त्या क्षणीच्या अक्षराच्या मापाने मोजला जातो. १० च्या मापात ५ कॉलमचा समास अर्धा इंच होतो आणि नंतर कंडेन्स्ड केलंत तरी तो अर्धा इंचच राहतो. आधी कंडेन्स्ड करून ५ म्हटलंत तर तो जेमतेम पाव इंचाच्या थोडा वर येतो.

मूळपदाचा हुकूम आणखी एक काम करतो, ज्याकडे फारसं कुणी पाहत नाही: कागद त्या क्षणी जिथे आहे तिथे तो पानाचा माथा मानतो. म्हणून हा हुकूम बिलाच्या अगदी आधी, कागद फाडायच्या रेघेवर असतानाच जावा. बिल मध्येच रद्द करून पुन्हा छापायला घेतलं तर आधी १२ पाठवून पान संपवा, नाहीतर पुढची सगळी बिलं त्या अर्ध्या जागेवरून सुरू होतील.

'भैया, कागज़ ऊपर सरक रहा है' हा फोन आला की पहिला संशय पानाच्या लांबीवर घ्या. प्रिंटरचं स्वतःचं सेटिंग अनेकदा ११ इंचांचं असतं आणि कागद १२ चा. प्रत्येक पानाला एक इंचाचा फरक पडतो. पहिलं बिल बरोबर दिसतं, चौथं तीन इंच सरकलेलं. बारा इंची कागदाला २७ ६७ ० १२, सहा इंचीला २७ ६७ ० ६. मधला शून्य हा खरा शून्य बाइट हवा, ० हे अक्षर नव्हे. लांबी बरोबर असूनही प्रिंटर तळाशी आपणहून जागा सोडत असेल तर २७ ७९ पाठवून ते बंद करा.

प्रत्येक बिलानंतर एक कोरं पान निघत असेल तर ४८ ओळी मोजा. अठ्ठेचाळिसावी ओळ संपवणारा १० गेला की कागद पुढच्या पानाच्या माथ्यावर पोहोचलेला असतो. त्यावर १२ पाठवला की एक पान फुकट. शेवटच्या कोऱ्या ओळी १० ने मोजत बसू नका, मजकूर संपला की सरळ १२ द्या.

बारीक अंतर लागतं तेव्हा २७ ५१ आणि एक आकडा वापरतात. नऊ सुयांच्या प्रिंटरला तो आकडा इंचाच्या २१६ व्या भागात असतो, चोवीस सुयांच्याला १८० व्या भागात. नऊ सुयांसाठी लिहिलेलं ३६, म्हणजे सहावा भाग, चोवीस सुयांवर पाचवा भाग होतं. छत्तीस ओळींचं सहा इंची बिल ७.२ इंच लांब होतं. दुकानदाराने प्रिंटर बदलला आणि 'सॉफ्टवेअर बिघडलं' असं म्हणाला, तर पहिल्यांदा हेच तपासा.

प्रोग्रामच्या भाषेतले सापळे

सी किंवा सी शार्पमध्ये एस्केपसाठी बॅकस्लॅश-एक्स-१बी लिहून लगेच मोठा ई चिकटवला, तर ई हाही षोडशमान आकडाच असल्याने कंपायलर तिन्ही मिळून एकच आकडा वाचतो. सी मध्ये इशारा तरी मिळतो. सी शार्पमध्ये मुकाट्याने भलतंच अक्षर तयार होतं आणि बिलावर ठळक मजकुराऐवजी प्रश्नचिन्ह येतं. ए ते एफ आणि सगळे अंक याला बळी पडतात. ठळक चालू आणि ठळक बंद हे नेमके ई आणि एफ आहेत. आकड्यांत लिहा म्हटलं ते यासाठी. पायथनमध्ये बाइट्सची यादी द्या, फॉक्सप्रोमध्ये सीएचआर वापरा.

फाइल टेक्स्ट मोडमध्ये उघडली असेल तर विंडोज प्रत्येक १० च्या आधी १३ घालतं. दहा कॉलमचा समास द्यायला २७ १०८ १० लिहिलंत, तर प्रिंटरला मिळतं २७ १०८ १३ १०: समास तेराचा आणि वर एक फुकटची ओळ. फाइल नेहमी बायनरी मोडमध्ये उघडा.

यूटीएफ-८ मध्ये १२७ च्या वरचा प्रत्येक आकडा दोन बाइटांचा होतो आणि हुकूम मोडतो. रुपयाचं नवं चिन्ह तर तीन बाइटांचं. ते जुन्या अक्षरतक्त्यात गेलं की बिलावर ग्रीक गॅमा, टिकलीवाला ई आणि दुहेरी रेघांचा एक तुकडा असे तीन नग छापले जातात. चिन्हाऐवजी इंग्रजी आर-एस लिहा आणि मजकूर कोडपेज ४३७ या जुन्या अक्षरतक्त्यात बदलून पाठवा. चौकटीच्या रेघांच्या जागी तिरपी अक्षरं येत असतील तर २७ ११६ १ ने ग्राफिकचा तक्ता निवडा.

सी च्या स्ट्रिंगमध्ये शून्य बाइट आला की ती तिथेच संपते. रुंदी आणि अधोरेखा बंद करताना ० ऐवजी ४८ चालतो, पानाच्या लांबीत मात्र चालत नाही. तिथे बाइटांची संख्या स्वतः मोजून पाठवा.

आणि रकाने डावीकडे सरकण्याचं सगळ्यात जास्त आढळणारं कारण हे: मजकुराला आधी ठळकचे बाइट लावले आणि मग रुंदी भरायला मोकळ्या जागा घातल्या. चालूचे दोन आणि बंदचे दोन, असे चार न दिसणारे बाइट लांबीत मोजले गेले आणि पुढचं सगळं चार कॉलम आत आलं. आधी जागा भरा, मग बाइट लावा. एकाच ओळीत दोन मापांची अक्षरं असतील तर मोकळ्या जागांवर विसंबूच नका. २७ ३६ आणि पुढे दोन बाइट, असं जागेवर नेमकं पोहोचता येतं. माप इंचाच्या साठाव्या भागात, डाव्या समासापासून. सात इंचांवर जायचं तर ४२०, म्हणजे २७ ३६ १६४ १, कारण १ गुणिले २५६ अधिक १६४.

दुकानाचं नाव देवनागरीत

इथल्या बहुतेक दुकानदारांना वर हिंदी नाव हवं असतं. साध्या डॉट मॅट्रिक्सच्या पोटात देवनागरी नसते, त्यामुळे नाव चित्र म्हणूनच जातं. जोडाक्षरं आणि मात्रा संगणकाकडूनच मांडून घ्या, त्याचं निव्वळ काळं-पांढरं चित्र करा आणि आडव्या पट्ट्या कापून पाठवा. चोवीस सुयांवर २४ ठिपक्यांची पट्टी, २७ ४२ ३९, मग रुंदीचे दोन बाइट, मग प्रत्येक उभ्या रांगेचे तीन बाइट. तीन इंच रुंद नावाला इंचाला १८० प्रमाणे ५४० रांगा, म्हणजे २८ आणि २, आणि एका पट्टीचे १६२० बाइट. एक बाइट कमी पडला तर प्रिंटर पुढचा मजकूर चित्र समजून गिळतो आणि ठिपक्यांचा कचरा छापतो.

नऊ सुयांवर पट्टी ८ ठिपक्यांची, रांगेला एक बाइट, वरची सुई १२८. २७ ४२ ५ घेतलं तर ठिपके आडवे-उभे सारख्याच अंतरावर पडतात. २७ ४२ १ घेतलं तर आडवे १२० आणि उभे ७२, म्हणून चित्र आधी त्या प्रमाणात ताणलं नाही तर अक्षरं उंच आणि चिंचोळी येतात. पट्ट्यांमध्ये फट पडू नये म्हणून २७ ५१ २४ द्या, योगायोगाने तो दोन्ही प्रकारांना लागू पडतो. पट्ट्यांच्या सांध्यात काना तुटलेला दिसला तर २७ ८५ १ ने हेड एकाच दिशेने छापू द्या आणि नाव झालं की २७ ८५ ० ने परत सोडा.

एवढं करूनही आमचा सल्ला हाच की रोज शंभर बिलं फाडणाऱ्याने नाव, पत्ता आणि 'मूळ प्रत, दुसरी प्रत, तिसरी प्रत' हे शब्द स्टेशनरीवरच छापून घ्यावेत. तिन्ही कागदांवर सुया एकच मजकूर उमटवतात, प्रतीचं नाव वेगळं छापण्याची दुसरी सोय नाही. शिवाय रिबन आणि वेळ वाचतो.

तीन प्रतींसाठी हेडच्या बाजूची जाडीची दांडी पुढे सरकवा. पातळ कागदाच्या खाचेवर ठेवून तीन पदर घातले तर शाई फासते आणि सुया अडकतात. जाड खाचेवर ठेवून एकच कागद घातला तर छपाई फिकी येते. तिसरी प्रत वाचता येत नसेल तर कोड बदलण्याआधी दांडी आणि रिबन पाहा.

दुसऱ्या जातीचे प्रिंटर

काउंटरवरचे थर्मल प्रिंटर एप्सनचीच चुलत भाषा बोलतात, म्हणूनच घोटाळा होतो. तिथे २७ ६९ ला पुढे एक आकडा लागतो. डॉट मॅट्रिक्सचा कोड तसाच पाठवला तर 'टॅक्स इन्व्हॉइस' या इंग्रजी शीर्षकातला पहिला टी तो आकडा म्हणून गिळला जातो. टी म्हणजे ८४, सम संख्या, म्हणून ठळकही होत नाही. २७ ६९ १ आणि २७ ६९ ० असं लिहावं लागतं. रुंदीही वेगळी: ८० मिलिमीटरच्या रोलवर नेहमी ४८ अक्षरं, ५८ च्या रोलवर ३२.

डॉट मॅट्रिक्सच आयबीएम मोडमध्ये, म्हणजे एप्सनऐवजी आयबीएमची भाषा समजायला लावलेला, असेल तर ठळक चालतं, पण तिरप्या अक्षरांचा २७ ५२ तिथे पानाचा माथा ठरवतो. ठळक ठीक आणि पान भलतीकडे, असं दिसलं की प्रिंटरच्या मेनूत जाऊन एप्सन मोड लावा.

म्हणून प्रोग्रामच्या पोटात आकडे विखरून टाकू नका. प्रत्येक प्रिंटरची एक छोटी मजकुराची फाइल करा, ओळीवर एक नाव आणि त्याचे बाइट:

ठळक_चालू = २७ ६९
ठळक_बंद = २७ ७०
बारीक_चालू = १५
बारीक_बंद = १८
पान_सहा_इंच = २७ ६७ ० ६

प्रोग्राम फक्त नावं वापरेल. थर्मलसाठी दुसरी फाइल. दुकानदाराने प्रिंटर बदलला तर फोनवर सांगून एक आकडा बदलता येतो, रामबागेतून सियागंजापर्यंत गाडी काढावी लागत नाही. प्रत्येक 'चालू'ला तिथेच 'बंद'ची जोडी लिहा आणि बिलाच्या शेवटी १२ च्या आधी १८ आणि २७ ७० पाठवाच, दुसऱ्या एखाद्या प्रोग्रामचं बिल त्याच प्रिंटरवर तुमच्या कंडेन्स्डमध्ये छापलं जाऊ नये.

सगळं बरोबर वाटूनही काही कळेनासं झालं तर प्रिंटरलाच विचारा. बहुतेक छोट्या एप्सनवर एलएफ/एफएफ आणि लोड/इजेक्ट ही दोन्ही बटणं दाबून धरून वीज चालू केली की तो हुकूम पाळायचं सोडून आलेला प्रत्येक बाइट षोडशमान आकड्यांत छापतो. बिल पाठवा, कागदावर १बी शोधा आणि त्याच्या पुढचा आकडा आपल्या फाइलशी ताडून पाहा. ६९ तिथे ४५ दिसेल, ७० दिसेल ४६. जिथे १३ म्हणजे ०डी अनाहूत आलेला दिसेल, किंवा २७ च्या जागी ३एफ म्हणजे प्रश्नचिन्ह दिसेल, तिथेच तुमचा प्रोग्राम किंवा विंडोज मध्ये हात घालतंय.